जेवणाच्या वेळेला येणारी गाठ

प्रश्न : डॉक्टर, मी एस.टी.त कंडक्टर आहे, वय ५२. दोन वर्षांपासून जेवायला बसलो की दोन-चार घासांतच उजव्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ येते, ठणकते आणि तासा-दीड तासात आपोआप बसते. आधी दाढेचं दुखणं समजून दाढ काढली. काही उपयोग झाला नाही. आता सोनोग्राफीत लाळेच्या नळीत, जिभेखाली पुढच्या बाजूला ६ मिलिमीटरचा खडा दिसलाय. एका डॉक्टरांनी जबड्याखालची लाळेची ग्रंथीच काढायला सांगितली. बायकोने टोमॅटो-पालक बंद केलंय, शेजारी कॅन्सर म्हणतात. रक्तदाबाच्या गोळीने लघवी जास्त होते, म्हणून ड्युटीवर पाणी कमीच पितो. काय करू?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : दादा, शेजाऱ्यांचं आधी सांगते. कॅन्सरची गाठ सहसा जेवणाची वेळ पाळत नाही. ती असते तिथेच असते, हळूहळू वाढते आणि बऱ्याचदा दुखतही नाही. तुमची गाठ घासाबरोबर येते, ताट उचललं की जाते. घास तोंडात गेला की लाळ सुटते, पुढे खडा आडवा असतो, मागे ग्रंथी फुगते. मग लाळ खड्याच्या कडेने झिरपून जाते आणि सूज बसते. माझ्याकडे असा रुग्ण आला की मी लिंबाची फोड चोखायला देते. बऱ्याचदा पाच मिनिटांत गाठ आमच्या समोरच हजर! त्यानंतर एक बोट जिभेखाली आणि दुसऱ्या हाताची बोटं जबड्याखाली ठेवून नळी चाचपली, की पुढचा खडा तांदळाच्या कणीसारखा हाताला लागतो. ही तपासणी फुकट आहे, म्हणून की काय, हल्ली ती थेट सोनोग्राफीनंतर होते.

लाळेचे दहापैकी आठ-नऊ खडे याच ग्रंथीत होतात. तिची नळी साधारण ५ सेंटिमीटर लांब आणि खालून वर चढणारी. शिवाय तिथली लाळ कानापुढच्या ग्रंथीपेक्षा दाट. विहीर खोल आणि पाणी गढूळ असलं की गाळ बसणारच.

वहिनींना सांगा, टोमॅटो-पालक पुन्हा सुरू करा. ते पथ्य मूतखड्याचं, आणि तेही सगळ्याच मूतखड्यांना लागू नसतं. लाळेचा खडा मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचा असतो, पालकातल्या ऑक्झलेटचा त्याच्याशी संबंध नाही. दूध-दहीही सोडू नका.

आता ग्रंथी काढण्याबद्दल. तुमच्या बाबतीत ही पहिली पायरी आहे, असं मला मुळीच वाटत नाही. खडा पुढे, जिभेखालीच असेल, तर तो तोंडातूनच निघतो. जागा बधिर करून खड्याच्या मागून एक टाका घेतात, म्हणजे तो घाबरून मागे ग्रंथीत पळत नाही. (माझ्या शिकाऊ दिवसांत एकदा हा टाका घ्यायचा राहिला होता. खडा डोळ्यांसमोर मागे सरकला आणि सर माझ्याकडे नुसते बघत राहिले.) मग नळीवर छोटी चीर देऊन खडा बाहेर काढतात. बहुतेकांना संध्याकाळी घरी जाता येतं. जिभेची संवेदना नेणारी नस तिथून जवळच जाते, त्यामुळे क्वचित काही दिवस जीभ बधिर वाटते.

खडा मागे असेल, तर नळीत जेमतेम एक मिलिमीटर जाडीची दुर्बीण घालतात. चार मिलिमीटरपर्यंतचा खडा तारेच्या जाळीत धरून ओढता येतो. मोठा असला तर आधी फोडावा लागतो. ही सोय सगळीकडे नाही. तुम्हाला पुणे किंवा सोलापूरला चौकशी करावी लागेल. ग्रंथी काढायची ती खडा आत रुतलेला असेल, किंवा वारंवार पू होऊन ती निकामी झाली असेल तेव्हा. त्या ऑपरेशनला मानेवर चीर येते आणि खालचा ओठ हलवणाऱ्या नसेला जपावं लागतं. एक ग्रंथी गेल्याने तोंड कोरडं पडत नाही, ही भीती मात्र नको.

म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांना विचारा : “खडा बोटाला लागतोय का? तोंडातून निघेल का?” नक्की जागा ठरवायला साधं सी.टी. स्कॅन पुरतं. नुसत्या एक्स-रेवर विसंबू नका. पाचातला एखादा खडा त्यात दिसत नाही.

तोवर जेवणाआधी गरम पाण्याचा शेक घ्या आणि जबड्याखालून हनुवटीकडे बोटाने हळू चोळा. आवळासुपारी किंवा लिंबाची फोड चोखून बघा, पण ठणका वाढला तर थांबा. तुमच्या मार्गावर स्वच्छतागृहांची काय अवस्था असते ते मी प्रवासी म्हणून जाणते. तरी पाण्याची बाटली पिऊन रिकामी करूनच घरी या, पाणी कमी पडलं की लाळ आटते. रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नका. ती देणाऱ्या डॉक्टरांना खड्याचं सांगा, बदलायची का ते ते ठरवतील. धुळीच्या सर्दीसाठी ॲलर्जीची गोळी घेत असाल, तर तिनेही लाळ आटते.

ताप आला, जिभेखालून पू आला, सूज जेवणानंतरही उतरली नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दाखवा. जीभ वर उचलली जाऊन गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला, तर रात्र असली तरी थेट मोठ्या रुग्णालयात जा.

दाढेचं मात्र आता काही करता येणार नाही.