आठ वर्षांच्या पोरीच्या टॉपला पॅड?

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत घालायला ड्रेस घ्यावा म्हणून नवी पेठेत गेलो. तिच्या मापाच्या टॉपला आतून पॅड शिवलेले, पाठ उघडी, छातीवर इंग्रजीत ‘हॉट’. मी नाही म्हटलं तर दुकानातच रडली. मैत्रिणीकडे तस्साच आहे, रीलमधल्या मुलीही तस्सेच घालतात म्हणे. सासूबाई म्हणतात, ‘लेकराची हौस आहे, घे की!’ मीच जुनाट आहे का?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : अजिबात नाही ओ. आठ वर्षांच्या पोरीला पॅड कशाला, हे त्या दुकानदारालाच विचारा. मी विचारते. ‘वरूनच असा माल येतो ताई’ हे उत्तर ठरलेलं. पण ज्या गावातून शाळांचे गणवेश शिवून देशभर जातात, तिथं पोरीच्या मापाचा साधा फ्रॉक मिळेना, हे मला पटत नाही. गिऱ्हाइकं पीस उलटा करून बघून परत ठेवायला लागली, की दुकानदार पुढची ऑर्डर जपून देतो.

मात्र उघड्या हातांवर, गुडघ्यांवर घसरू नका. मे महिन्यात इथं पारा ४२च्या पुढं जातो. बिनबाह्यांचा फ्रॉक घालायचाच. पळता-वाकता येतं का, सारखं खाली ओढावं लागतं का, हे तिलाच घालून बघू द्या. ‘लोक काय म्हणतील’ हे तर तोंडातूनही काढू नका. तिच्या अंगात लाजण्यासारखं काही नाही. ‘हा मोठ्या बाईच्या अंगासाठी बेतलाय’ एवढंच सांगा, आणि रंग, चमकी, झालर तिच्या मनासारखी घ्या. गड्ड्यात झगमगायचं नाही तर कुठं?

सासूबाईंच्या हातात तो पॅड द्या, छातीवरच्या शब्दाचा अर्थ सांगा. त्यांनी लांबून नुसता रंग पाहिला असणार.

राहिली रीलची गोष्ट. रील जाहिरातीचं असेल, तर केंद्राच्या २०२२च्या जाहिरातविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार, वस्तू घेतली नाही तर इतर मुलं हसतील असं मुलांना सुचवता येत नाही. त्यांच्या मनात स्वतःच्या शरीराबद्दल न्यूनगंड येईल अशी जाहिरातही चालत नाही. तशी दिसली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. मैत्रिणीच्या आईशीही बोला, पण टॉपबद्दल. तिच्या पोरीबद्दल नको.

आणि कापड घेऊन शिवायचं ठरलं, तर संक्रांतीच्या बऱ्याच आधी टेलरकडे टाका. ऐनवेळी तो हातात घेत नाही.