टोपोशीटवर (डोंगर-दऱ्यांची उंची दाखवणाऱ्या नकाशावर) दोन ठिकाणांमधलं अंतर आणि चढ कसा काढायचा? बहुतेक रेषांवर आकडाच नाही!

सगळ्या रेषांवर आकडा नसतोच, घाबरू नका. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या शीटवर सह्याद्रीत दोन समोच्च रेषांत (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांत) सहसा २० मीटरचा फरक असतो (तळाशी छापलेलं असतं, ते आधी वाचा, जुन्या, इंचाला मैल अशा शीटवर उंची फुटांत असते). दर पाचवी रेषा जाड, म्हणजे शंभराच्या पटीतली.

समजा तुमची वाडी ७०० च्या जाड रेषेवर आहे आणि वरच्या खिंडीत जायचंय. चढाकडे मोजत निघा: चार बारीक, मग ८०० ची जाड, पुढे दोन बारीक आणि खिंड त्याच्या किंचित वर. म्हणजे ८४० आणि ८६० च्या मध्ये. चढ दीडशे मीटर धरून चाला. वर कुठली बाजू ते कळेना, तर ओढा शोधा. ओढा ओलांडताना रेषेचं टोक उगमाकडे वळतं. डोंगराच्या सोंडेवर बरोब्बर उलटं.

अंतराला मी शिवणाचा दोरा वापरतो. ओला करून पायवाटेच्या वळणांवर बसवायचा, नखाने खूण करायची आणि सरळ करून नकाशाखाली छापलेल्या किलोमीटरच्या पट्टीवर धरायचा. २ सेंटिमीटरला १ किलोमीटर, म्हणजे दोरा ३.४ सेंटिमीटर भरला तर १.७ किलोमीटर. झेरॉक्स असेल तर फूटपट्टी नकोच. नकाशा लहान-मोठा झाला की छापील पट्टीही तेवढीच होते, १:५०,००० हा आकडा मात्र खोटा ठरतो.

चढामुळे अंतर वाढतं म्हणून गणित करत बसू नका. १७०० मीटरला १५० मीटर चढ म्हणजे तिरकं अंतर जेमतेम १७०७. सात मीटरसाठी पायथागोरसला कशाला उठवायचं? नकाशात न आलेली बारीक वळणं त्याहून कितीतरी जास्त चालवतात.

माझी फजिती झाली ती दुसरीकडेच. रेषा विरळ बघून मी मित्रांना एका घळीतून नेलं, "आरामाचा चढ आहे" म्हणून. निम्म्यावर दोन पुरुष उंचीचा कातळ आडवा! नकाशा चुकला नव्हता. २० मीटरच्या आतला कातळ दोन रेषांच्या मधे बेमालूम लपतो. दोर नव्हता, गुमान मागे फिरलो, वाडीत पोचेपर्यंत अंधार. आता नकाशा वाचून झाला की वाडीतल्या कुणाला तरी विचारतोच, "मधे कातळ लागतो का हो?"