नाशिकमध्ये राहून रेसचा घोडा घ्यायचाय, सुरुवात कशी करायची?

तुम्ही विचारलंय की द्राक्षाचा धंदा आहे, हातात थोडे पैसे आहेत, मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर आपला घोडा पळावा अशी फार वर्षांची इच्छा आहे, तर कोणता घोडा घेऊ. मी नाशिकरोडचा, मित्रांत मिळून एका घोडीत माझा शेअर आहे, त्यामुळे जवळून बघतोय ते सांगतो. माझ्या मते घोडा नंतर, आधी ट्रेनर शोधा.

कारण असं की हा घोडा तुमच्याकडे राहणारच नाही. येवल्याच्या बाजारातून किंवा सारंगखेड्याच्या यात्रेतून आपल्याकडचे लोक घोडा आणतात आणि मळ्यात बांधतात, ते मारवाडी, काठियावाडी घोडे फार देखणे असतात, पण टर्फ क्लबच्या, म्हणजे रेस भरवणाऱ्या क्लबच्या, रेसला फक्त थरोब्रेड ही रेससाठीच पैदास केलेली जात चालते आणि तो घोडाही स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडियाकडे नोंद असलेला लागतो, त्यांचं ऑफिस पुण्यात आहे. मायक्रोचिप, पासपोर्ट, आईबाप कोण, सगळं कागदावर असतं. आणि घोडा राहतो लायसन्सवाल्या ट्रेनरच्या तबेल्यात. त्याने काय खायचं, सकाळी किती पळायचं, कुठल्या रेसला नाव टाकायचं, जॉकी कोण, हे सगळं तो ठरवतो, तुम्ही दर महिन्याला बिल भरता. मग ज्याच्या हातात सगळं आहे तो माणूस आधी पारखायला नको का?

आपल्या बाजूला रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब आहे, मुंबई आणि पुणे दोन्ही त्यांचंच. पुण्याचा सीझन साधारण जुलै ते ऑक्टोबर, मग नोव्हेंबर ते एप्रिल मुंबई, घोडेही तसेच इकडून तिकडे जातात. एक पूर्ण सीझन नुसतं जा आणि बघा. पंचवटीने दादरला उतरून लोकलने महालक्ष्मी, रेसच्या दिवशी तेवढं पुरतं. पण खरं बघायचं असेल तर आदल्या दिवशी मुक्कामाला जा आणि ओळख काढून, क्लबची परवानगी घेऊन पहाटेचं ट्रॅकवर्क, म्हणजे घोड्यांचा सराव, बघा. कुठल्या ट्रेनरचे घोडे अंगाने भरलेले, चकचकीत दिसतात, कोण लंगडणारा घोडा वेळेवर थांबवतो, सईस, म्हणजे घोड्याची देखभाल करणारे लोक, किती वर्षं टिकलेत, हे रेसबुकात छापलेलं नसतं. सईस घोड्याजवळ दिवसरात्र असतो, घोड्याने चारा सोडला, पोट दुखतंय, पायात गरमी आहे हे त्यालाच आधी कळतं. ज्या तबेल्यात सईस सारखे बदलतात तिथे मी तरी पैसे लावणार नाही.

आता मालकी. ओनर म्हणून क्लबकडे अर्ज करावा लागतो, स्टुअर्ड्सची, म्हणजे क्लबच्या रेस अधिकाऱ्यांची, मंजुरी लागते, जॉकीच्या अंगावरचे रंग तुमच्या नावाने रजिस्टर होतात. घोड्याचं नाव ठेवायलाही नियम आहेत बरं का, इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधल्या जागा धरून जास्तीत जास्त १८ अक्षरांत बसवावं लागतं, त्यामुळे आपली लांबलचक नावं बसत नाहीत. घोडा एकट्याने घेता येतो, पार्टनरशिपमध्ये, सिंडिकेटमध्ये म्हणजे मोठ्या गटात मिळून, किंवा लीजवर म्हणजे ठरावीक काळासाठी भाड्याने. पहिल्यांदा घेताय तर पार्टनरशिप किंवा लीजच बघा. लीजमध्ये घोडा ब्रीडरच्या, म्हणजे पैदास करणाऱ्याच्या, नावावरच राहतो, एकरकमी लाखो रुपये अडकत नाहीत, खर्च तुमचा आणि जिंकलेल्या स्टेकमधला, म्हणजे बक्षिसाच्या रकमेतला, ठरलेला हिस्सा ब्रीडरला, आणि पळणं संपलं की घोडी परत ब्रीडिंगला त्याच्याकडे जाते, म्हणून चांगल्या घराण्याच्या फिलीज, म्हणजे तरुण घोड्या, अशा मिळतात. मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, क्लबच्या रेकॉर्डला तुमचं नाव नसेल तर तुम्ही मालक नाही. व्हॉट्सॲपवर कोणी शेअर विकत असेल तर आधी क्लबमध्ये विचारा, मग पैसे द्या.

खर्चाचं म्हणाल तर खरेदी हा छोटा भाग आहे. महिन्याला ट्रेनिंगची रक्कम सहज पाच आकडी जाते, वर नालबंद, डॉक्टर, औषधं, ने-आण वेगळं. आणि घोडा पळो न पळो बिल येतंच. तुम्ही द्राक्षवाले आहात म्हणून सांगतो, ऑक्टोबर छाटणीपासून खर्च चालू असतो आणि पैसा आला तर एकदमच येतो, मधे गारपीट झाली तर गेलं, तसंच आहे हे. फरक इतकाच की इथे बहुतेक घोडे आपला खर्चही काढत नाहीत. स्टेक पहिल्या काही नंबरांनाच मिळतो, त्यातून ट्रेनर, जॉकीची टक्केवारी जाते. त्यामुळे जे पैसे गेले तरी घरात कोणाचं काही अडणार नाही तेवढेच घाला, पीक कर्जाचे किंवा मुलांच्या शिक्षणाचे तर अजिबात नाही.

धीर फार लागतो. थरोब्रेडचं वय १ जानेवारीला एक वर्षाने वाढतं, मग जन्म जानेवारीचा असो की एप्रिलचा. तुम्ही वर्षाचं शिंगरू घेतलं तर ते रेसला उतरायला आणखी वर्ष तरी गेलं समजा. दोन वर्षांच्या घोड्याची हाडं अजून तयार होत असतात, नडगी दुखणं तर अगदी कॉमन, आणि टेंडन, म्हणजे पायातला स्नायूबंध, गेला तर कधी कधी वर्षभर थांबावं लागतं. अशा वेळी घाई करणारा मालक घोड्याचं वाटोळं करतो, हे मी ठामपणे सांगतो. ट्रेनर म्हणाला की अजून दोन महिने द्या, तर द्यायचे. म्हणून तर म्हटलं ना, ट्रेनरवर विश्वास आधी. लवकर मैदानात यायचंच असेल तर आधीच पळत असलेला घोडा घ्या, त्याचं रेटिंग म्हणजे कामगिरीवरून मिळालेले गुण, क्लास म्हणजे कुठल्या गटात पळतो, किती मीटरला चांगला पळतो हे सगळं समोर असतं, फक्त विकत घेण्याआधी आपला वेगळा डॉक्टर नेऊन तपासून घ्या, विकणाऱ्याचा नाही.

टॅक्सचं सीएला विचारा पण एवढं माहीत असू द्या, आयकर कायदा १९६१ च्या कलम ७४ए प्रमाणे रेसचे घोडे पाळण्यातला तोटा फक्त त्याच उत्पन्नातून वजा होतो, द्राक्षाच्या किंवा दुसऱ्या धंद्याच्या नफ्यातून नाही, आणि पुढे चार वर्षंच ओढता येतो. नवीन कायद्यात आता कलमांचे नंबर बदललेत, सीए बघेल ते. बेटिंगचं उत्पन्न पूर्ण वेगळं, त्यावर सरळ ३० टक्के आणि वर सेस. मालकी आणि बेटिंग डोक्यातही वेगळंच ठेवा, घोड्याचा खर्च बेटिंगमधून काढू म्हणणारे फार लवकर बाहेर पडतात.

शेवटचं, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. घोडा पंचवीस वर्षं जगू शकतो आणि पळतो त्यातली मोजकीच. पार्टनरशिपच्या कागदावर पहिल्याच दिवशी लिहून घ्या की पळणं संपल्यावर तो कुठे जाणार, त्याचा खर्च कोण किती देणार, आणि कोणाला विकायचा नाही. रायडिंग स्कूल, ब्रीडिंग, किंवा तुमच्याकडे जागा आहे तर मळ्यातच ठेवता येईल, पण रेसच्या तबेल्यातून आलेल्या घोड्याला मोकळ्यावर रुळायला वेळ आणि माहितगार माणूस लागतो. याला तयार नसलेला पार्टनर कितीही पैसेवाला असला तरी घेऊ नका.