सूक्ष्मकर्ज आणि बाजारातील विक्रेता : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी बाजारात किरकोळ विक्री करतो. सकाळी सावकाराकडून पैसे घेऊन माल उचलतो आणि संध्याकाळी व्याजासह परत करतो. छोटी कर्जे देणारी एक सूक्ष्मवित्त संस्था मला वर्षभराच्या मुदतीचे कर्ज द्यायला तयार आहे. ते घेतल्यास माझा धंदा वाढेल का?

उत्तर : वाढू शकेल, मात्र ते कर्ज किती मोठे आहे यापेक्षा आपल्या हातात आलेला पैसा महिन्यात किती वेळा फिरतो, यावर ते अधिक अवलंबून आहे. समजा, आपण १२,००० रुपये कर्ज घेतले आणि त्याचा मासिक हप्ता १,१८० आहे. ही सर्व रक्कम आपण मालात गुंतवली, तो माल आठवड्यात विकला गेला आणि सर्व खर्च वजा जाता दर फेऱ्याला चार टक्के, म्हणजे ४८० सुटले, तर महिन्याच्या चार फेऱ्यांत १,९२० हाती येतात. हप्ता भरून ७४० उरतात आणि मूळ १२,००० मालाच्या रूपात जागेवरच राहतात. वर्षअखेर कर्ज फिटते, तेव्हा ते भांडवल आपल्या मालकीचे झालेले असते. आता तोच माल विकायला महिना लागतो असे धरा. मिळकत ४८० आणि हप्ता १,१८०, म्हणजे दर महिन्याला ७०० भांडवलातून काढावे लागतात. गाळ्यावरचा माल महिन्यागणिक कमी होत जातो आणि हप्ता मात्र तेवढाच राहतो. कर्ज एकच, व्याज एकच. पण पहिल्या विक्रेत्याचा धंदा वाढला आणि दुसऱ्याचा आटला. म्हणून अर्जावर सही करण्यापूर्वी महिनाभर कोणता माल किती दिवसांत संपतो याची नोंद ठेवावी आणि कर्जाचे पैसे फक्त लवकर संपणाऱ्या मालातच घालावेत. जादा मालाला गिऱ्हाईक आहे का, हेही त्या नोंदीवरून कळते. गिऱ्हाईक ठरावीकच असेल, तर कर्जाने माल वाढेल, विक्री वाढणार नाही.

आपल्यासारख्यांना याहून मोठा लाभ बहुधा सावकाराचे रोजचे व्याज वाचण्यातून होतो. मात्र येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. भारत आणि फिलिपिन्समधील बाजारांत बसणाऱ्या विक्रेत्यांची सावकारी कर्जे संशोधकांनी स्वतः फेडून टाकली आणि पुढे काय होते ते पाहिले. बहुतेक विक्रेते सहा आठवड्यांच्या आत पुन्हा कर्जात गेले होते. माझ्या मते यात उधळेपणाचा दोष शोधणे अन्यायाचे आहे. घरातले आजारपण, पावसात बुडालेला एखादा दिवस किंवा न खपलेला माल यांपैकी काहीही घडले, तरी ज्याच्याकडे बाजूला ठेवलेले पैसे नाहीत त्याला भांडवलालाच हात घालावा लागतो आणि दुसऱ्या दिवशीच्या मालासाठी पुन्हा सावकार गाठावा लागतो. तेव्हा वरच्या उदाहरणातील ७४० पैकी निदान निम्मी रक्कम पहिले काही महिने मालात न घालता वेगळी ठेवावी. धंदा थोडा सावकाश वाढेल, पण मोडणार नाही.

प्रश्न : संस्थेने व्याजदर वर्षाला १८ टक्के सांगितला. सावकाराच्या मानाने तो फारच कमी वाटतो. हिशेब बरोबर आहे ना?

उत्तर : दर कोणत्या रकमेवर लावला आहे, ते आधी विचारावे. १२,००० वर १८ टक्के म्हणजे २,१६०. ते मुद्दलात मिळवून बाराने भागले की १,१८० चा हप्ता येतो. या पद्धतीत आपण दरमहा मुद्दल फेडत असूनही व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण १२,००० वरच आकारले जाते. वर्षभराचा विचार केला, तर सरासरी जेमतेम निम्मी रक्कम आपल्याकडे असते. शिल्लक मुद्दलावर हिशेब मांडला की हाच दर सुमारे ३२ टक्के भरतो. त्यातच कर्ज देताना दोन टक्के प्रक्रिया शुल्क कापून घेतले असेल, तर हातात ११,७६० च येतात आणि दर ३६ टक्क्यांच्या आसपास जातो. एवढा दरही रोजच्या सावकारीपुढे स्वस्तच ठरतो, त्यामुळे कर्ज नाकारावे असे मी सुचवत नाही. परंतु दोन संस्थांची तुलना करायची असेल, तर तोंडी सांगितलेल्या टक्केवारीवर न जाता हातात प्रत्यक्ष किती रक्कम पडणार, एकूण किती परत करायची आणि किती हप्त्यांत, हे तीन आकडे लेखी मागावेत. विम्याचा हप्ता आणि सक्तीची ठेव याच हिशेबात धरावी.

प्रश्न : कर्ज मिळाल्यापासून दोन आठवड्यांतच साप्ताहिक हप्ता सुरू होतो. एवढ्या घाईने परतफेड करायची, तर पैसे गुंतवायचे कधी?

उत्तर : आपली अडचण रास्त आहे आणि ती अभ्यासातही दिसून आली आहे. कोलकात्यात झालेल्या एका प्रयोगात काही कर्जदारांचा पहिला हप्ता दोन आठवड्यांनी, तर काहींचा दोन महिन्यांनी सुरू करण्यात आला. सवड मिळालेल्यांनी धंद्यात अधिक पैसा घातला आणि सुमारे तीन वर्षांनंतर त्यांचा नफा इतरांपेक्षा लक्षणीय जास्त होता. मात्र याच गटात थकबाकीही अधिक झाली. संस्था सवलतीचा काळ द्यायला का कचरतात, याचे उत्तर त्यात आहे. लवकर सुरू होणारा हप्ता संस्थेचा पैसा सांभाळतो आणि कर्जदाराला जोखीम घेण्यापासून रोखतो. रोज विकला जाणारा माल असेल, तर साप्ताहिक हप्ता फारसा जाचत नाही. उलट गल्ल्यातले पैसे खर्च होण्याआधी तो निघून जातो. पण आपल्याला हातगाडी, वजनकाटा किंवा शिवणयंत्र घ्यायचे असेल, तर त्याची कमाई सुरू व्हायला वेळ लागतो आणि अशा खरेदीसाठी साप्ताहिक हप्त्याचे कर्ज घेऊ नये. मासिक हप्ता किंवा हंगामानुसार परतफेड देणारी संस्था शोधावी, नाहीतर ती वस्तू आधी भाड्याने घेऊन पाहावी.

प्रश्न : एकत्र कर्ज घेणाऱ्यांच्या गटातील एखादीने हप्ता चुकवला, तर बाकीच्यांनी भरायचा, अशी अट आहे. ती मान्य करावी का?

उत्तर : तारण नसलेल्यांना कर्ज मिळावे म्हणून ही पद्धत रूढ झाली. बांगलादेशातील ‘ग्रामीण बँक’ या गरिबांना छोटी कर्जे देणाऱ्या संस्थेमुळे ती जगभर पोहोचली, पण पुढे त्या बँकेनेही संयुक्त जबाबदारीवरचा भर सोडला. फिलिपिन्समध्ये गटहमी काढून प्रत्येकाला स्वतंत्रपणे जबाबदार धरले, तेव्हा थकबाकी वाढली नाही. स्वतंत्र कर्जाचा पर्याय असेल, तर तोच घ्यावा. नसेल, तर ज्यांचा धंदा आपण डोळ्यांनी पाहतो अशांच्याच गटात सामील व्हावे.

प्रश्न : कर्ज माझ्या नावावर आहे, पण पैसे पतीच्या दुकानात गेले. आता माझ्या विक्रीला भांडवलच उरलेले नाही. संस्थेचे अधिकारी म्हणतात की हप्ता वेळेवर येतो, मग तक्रार कशाची?

उत्तर : संस्थेच्या वहीत आपले कर्ज यशस्वी ठरले आहे, आपल्या धंद्यात ते आलेच नाही. स्त्रियांच्या व्यवसायात घातलेल्या भांडवलाला परतावा कमी मिळतो, असा निष्कर्ष काही अभ्यासांनी काढला होता. त्याच आकडेवारीची पुन्हा छाननी केल्यावर असे दिसले की घरात दुसरा व्यवसाय असल्यास स्त्रीच्या नावाचा पैसा पुष्कळदा तिकडे वळतो. त्यामुळे स्त्रीला धंदा जमत नाही हा अर्थ त्यातून निघत नाही. दुकानातला परतावा खरोखरच अधिक असेल, तर कुटुंबाच्या दृष्टीने तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु मग हप्ता दुकानाच्या गल्ल्यातून जायला हवा आणि तशी नोंद घरच्या वहीत हवी. पुढच्या वेळी कर्ज घेताना संपूर्ण रक्कम रोख न घेता स्वतःच्या स्वतंत्र खात्यात जमा करून घ्यावी आणि शक्य असेल तर त्याच दिवशी घाऊक व्यापाऱ्याला थेट त्या खात्यातून पैसे द्यावेत. मालाच्या रूपात आलेले भांडवल दुसरीकडे वळवणे अवघड जाते.

प्रश्न : सूक्ष्मकर्जाने गरिबी हटते, असे एकीकडे ऐकतो आणि ते कर्जाचे जाळे आहे, असे दुसरीकडे. नेमके काय मानावे?

उत्तर : ग्रामीण बँकेचे संस्थापक मुहम्मद युनूस आणि ती बँक यांना २००६ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले, तेव्हा अपेक्षा फार उंचावल्या होत्या. चारच वर्षांनी आंध्र प्रदेशात एकाच घरावर अनेक संस्थांची कर्जे चढल्याने वसुली कोलमडली आणि सूर एकदम उलटला. २०१५ मध्ये बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को येथील सहा अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. त्यांत सरासरी कर्जदाराचे उत्पन्न फारसे वाढलेले आढळले नाही, आणि सर्रास वाताहतही आढळली नाही. हैदराबादमधील कर्जदारांचा पुढे मागोवा घेतला, तेव्हा सरासरीत दडलेली गोष्ट पुढे आली : कर्ज येण्यापूर्वीपासून ज्यांचा धंदा चालू होता, त्यांना टिकाऊ लाभ झाला होता, कर्ज मिळतेय म्हणून धंदा सुरू करणाऱ्यांना तसा झाला नाही. आपला धंदा आधीपासून चालत असेल आणि केवळ भांडवलापायी अडला असेल, तर आपण पहिल्या वर्गात मोडता. मात्र एका वेळी एकाच संस्थेचे कर्ज ठेवावे आणि जुना हप्ता भरण्यासाठी नवे कर्ज घेण्याची वेळ आली, तर ते न घेता आहे त्याच संस्थेकडे मुदत वाढवून मागावी.