वाचकांचे प्रश्न : पोटातून ठरून येतं का?

प्रश्न : ताई, मला अडीच वर्षांची जुळी मुलं आहेत, एक मुलगा आणि एक मुलगी. घसरगुंडीवर मुलगा सरसर चढतो. मुलगी तिसऱ्या पायरीवर थांबते आणि वळून माझ्याकडे बघते. सासूबाई म्हणतात, हे पोटातूनच ठरून येतं. नवरा म्हणतो, आपणच शिकवतो. कोणाचं खरं मानू?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला प्रयोगशाळेतल्या रात्री आठवल्या. लाल दिव्याच्या मंद उजेडात पिंजऱ्यासमोर बसायचं आणि उंदरीण आपल्या पिल्लांना किती वेळा चाटते ते वहीत टिपायचं, हे माझं काम. पिल्लं गुलाबी, बिनकेसांची, डोळे मिटलेली. आई एकेकाला पुढच्या पायांत धरून उताणं करते आणि शेपटीकडचा भाग चाटत राहते; तसं केल्याशिवाय त्या वयात त्यांना लघवीही होत नाही. थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं, की वहीतल्या रेघा नर पिल्लांपुढे जास्त पडतायत.

याचं कारण सेलिया मूर या संशोधिकेने १९८०च्या दशकात उलगडलं होतं. टेस्टोस्टेरॉन या नरांत जास्त असणाऱ्या हार्मोनमुळे नर पिल्लांच्या लघवीला वेगळा वास येतो आणि तो आईला खेचतो. नवजात माद्यांना टेस्टोस्टेरॉन टोचलं, तर आई त्यांनाही जास्त चाटते. उलट आईला वास येईनासा केला, की नरांचं चाटणं घटतं आणि मोठेपणी त्या नरांचं समागमातलं वागणं बदललेलं दिसतं. कमी चाटल्या गेलेल्या नरांच्या पाठीच्या कण्यात, समागमात लागणाऱ्या स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशीही कमी भरल्या. मला आजही हा शोध विलक्षण वाटतो.

हार्मोन थेट मेंदूवर काम करतं हे खरंच आहे. १९५९ साली चार्ल्स फिनिक्स आणि सहकाऱ्यांनी गाभण गिनीपिगना टेस्टोस्टेरॉन दिलं, तेव्हा पोटातल्या मादी पिल्लांचं मोठेपणीचं वागणं नरांकडे झुकलं. पण त्याच हार्मोनचा परिणाम आईच्या जिभेवाटेही पिल्लापर्यंत पोचतो. मग सांगा, चाटण्यामुळे वाढलेल्या त्या पेशी कोणाच्या खात्यात घालायच्या, सासूबाईंच्या की नवऱ्याच्या?

माणूस म्हणजे उंदीर नव्हे. तरी गर्भातल्या हार्मोनचा ठसा माणसांतही दिसतो. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींच्या एका जन्मजात विकारात मुलींना पोटात असतानाच जास्त अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या जातीचं हार्मोन, मिळतं. या मुली सरासरीने गाड्यांशी, ठोकळ्यांशी जास्त खेळतात. पण त्यांतल्या बहुतेकजणी स्वतःला मुलगीच समजतात. म्हणजे ठसा आहे, पण सगळं एका साच्यातून निघत नाही. डॅफ्ना जोएल यांच्या गटाने २०१५ साली १,४०० हून जास्त मेंदूंची चित्रं तपासली, तेव्हा निव्वळ 'पुरुषी' किंवा निव्वळ 'बायकी' म्हणावेत असे मेंदू फारच थोडे निघाले. बहुतेकांत सरमिसळ होती.

आता तुमच्या घसरगुंडीकडे येते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अकरा महिन्यांच्या बाळांच्या आयांना विचारलं, तुमचं बाळ किती तीव्र उतार रांगत उतरेल? मुलग्यांच्या आयांनी अंदाज जास्त बांधला, मुलींच्या आयांनी कमी. मग बाळांना खरोखर उतारावर सोडलं, तर मुलगे आणि मुली यांच्यात काही फरकच नव्हता.

तुमची लेक वळून बघते तेव्हा तिला काय दिसतं, हे मला तुमच्याकडून ऐकायचंय. तुमचे हात आधीच पुढे आलेले असतात का? मुलगा त्याच पायरीवर असताना ते कुठे असतात? पुढचे आठ दिवस एवढंच टिपा, वहीत, रेघा मारून. आणि एखाद्या दिवशी दोन पावलं मागे उभ्या राहा, नजर मात्र तिच्यावरच ठेवून. चौथ्या पायरीवर तिने पाय ठेवला, तर मला नक्की कळवा.