दुरुस्तीनंतर विंडोज 10 परत हवे

प्रश्न : सीताबर्डीत लॅपटॉप दुरुस्तीला दिला होता. नवीन एसएसडी (डेटा साठवणारी डिस्क) बसवून त्यांनी विंडोज 11 टाकून दिले. माझा जुना प्रिंटर त्यावर चालत नाही. आधीच्या विंडोजवर परतण्याचे 'गो बॅक'चे बटणही दिसत नाही. काय करू?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ते बटण अपग्रेडनंतर फक्त 10 दिवस असते, आणि तेही आधीचे विंडोज जपून ठेवणारी 'विंडोज.ओल्ड' फोल्डर शिल्लक असेल तरच. कोऱ्या एसएसडीवर ती येणार कुठून? आता नव्यानेच इन्स्टॉल करावे लागेल.

आधी फायलींचा बॅकअप घ्या आणि वाय-फायचा ड्रायव्हर (ते चालवणारे सॉफ्टवेअर) वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. मग 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोज 10 भरा. त्या पेनड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते. इन्स्टॉल करताना एसएसडीच दिसली नाही, तर घाबरू नका. इंटेलच्या 11व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये असे होते. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून डिस्क ओळखण्यासाठीचा इंटेल आरएसटी ड्रायव्हर उतरवून 'लोड ड्रायव्हर'मधून द्या. प्रॉडक्ट की (विंडोजचा परवाना क्रमांक) विचारल्यास ती पायरी सोडा, पण तुमच्या विंडोजची आवृत्ती 'होम' असेल तर होमच निवडा. लायसन्स मदरबोर्डशी बांधलेले असते. तो बदलला असेल तर अ‍ॅक्टिव्हेशन अडेल, म्हणून दुकानात आधीच विचारा.

मात्र विंडोज 10 चा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. केवळ प्रिंटरसाठी मागे जाण्यापेक्षा विंडोज 11 वर त्याचा विंडोज 10 चा ड्रायव्हर टाकून बघा. बहुतेकदा तो चालतो.