जर्मनीला निघण्यापूर्वी शिकून घ्यावं असं ऑम्लेट

तुझा प्रश्न असा: इंदूरच्या घरी अंडं शिजत नाही, ऑक्टोबरपासून जर्मनीतल्या वसतिगृहात स्वतःच रांधायचंय, तर पहिल्या आठवड्यात जमेल असं काय शिकावं आणि तवा घरूनच न्यावा का. भाज्या घातलेलं ऑम्लेट शीक. तवा मात्र नेऊ नकोस.

इंदूरच्या बर्तन बाजारातला साधा ॲल्युमिनियमचा नॉनस्टिक तवा इंडक्शनवर तापतच नाही; बुडाला लोहचुंबक चिकटायला हवा. तिथे पोचून आधी शेगडी बघ, मग २० सेंटिमीटरचा पॅन, लाकडी उलथणं आणि नीट बसणारं झाकण घे. पॅन २८ चा घेतलास तर दोन अंडी पापडासारखी पातळ पसरतात आणि कडक होतात. सामानात हळद, तिखट, जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) टाक. तूप आणि हिरव्या मिरच्या नकोत: युरोपीय संघात प्रवाशांना दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, आणि ताज्या भाजीला सरकारी आरोग्य प्रमाणपत्र लागतं.

अंडी तिथे दुकानात बहुधा फ्रिजबाहेरच असतात, बिचकू नकोस. ‘एम’ आकाराचं अंडं ५३ ते ६३ ग्रॅमचं. कवचावरच्या शिक्क्याचा पहिला आकडा कोंबडी कशी पाळली ते सांगतो: ० सेंद्रिय, १ मोकळ्यावर फिरणारी, २ बंदिस्त शेडमधली, ३ पिंजऱ्यातली. कोथिंबीर घेताना पान चुरडून वास घे. पार्सली दिसायला अगदी तशीच, चव निराळी.

एका माणसाला दोन अंडी. कांदा बारीक चिरून दोन मोठे चमचे (तिथला पिवळा कांदा मोठा असतो, पाव पुरतो), सिमला मिरची तेवढीच, टोमॅटो एक चमचा, तोही बिया आणि त्यांभोवतीचा पाणचट गर काढून. एक मिरची, थोडी कोथिंबीर, चिमूटभर हळद, पाव लहान चमचा मीठ. दूध घालायची गरज नाही.

बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. कच्च्या भाज्या अंड्यात कालवल्या, वर मीठ घालून भांडं ठेवून दिलं, की मीठ भाज्यांतलं पाणी ओढून काढतं. मग ऑम्लेट खालून करपतं, मधे ओलं राहतं आणि उलटताना फाटतं. म्हणून दोन लहान चमचे तेलात कांदा, सिमला मिरची आणि मिरची दोन-तीन मिनिटं परतून घे, शेवटी टोमॅटो अर्धा मिनिट. चुरचुर आवाज कमी झाला म्हणजे पाणी गेलं. अंडी वेगळी फेट, पांढऱ्याचे धागे दिसेनासे होईपर्यंतच. मीठ, हळद, कोथिंबीर ओतायच्या क्षणी घाल.

आता आच. गॅसची सवय इथे नडते. काचेची साधी विजेची शेगडी बटण कमी केलं तरी बराच वेळ तापलेलीच राहते. नऊपर्यंत आकडे असतील तर भाज्या सहावर परतून घे, अंडी ओतण्याआधी चारवर आण आणि पॅन अर्धा मिनिट बाजूला उचलून धर. इंडक्शन उलट: बटणासरशी आच बदलते, पण रिकामा नॉनस्टिक पॅन त्यावर भराभर तापून लेप खराब होतो, तेव्हा तेल आधी घाल.

पॅनमधल्या भाज्यांवर अंडी ओतल्यावर कडा जमल्या की उलथण्याने आत ढकल आणि पॅन तिरपा करून वरचं पातळ अंडं रिकाम्या जागी जाऊ दे. ओघळ थांबला की झाकण ठेवून एक मिनिट. उलटायचा अट्टहास नको. दुमडलं तरी चालतं. आत पातळ राहू देऊ नकोस, पण घट्ट झाल्यावर लगेच काढ: जास्त शिजलं की अंडं आखडतं, पाणी सोडतं आणि रबरासारखं लागतं.

मिरची परतताना खिडकी उघड, कॉरिडॉरचं दार नको. तिथे धुराचा अलार्म असतो, आणि तो वाजला की शेजाऱ्यांशी पहिली ओळख वाईट होते.

इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीतल्या बेंजोची (पावात घातलेल्या ऑम्लेटची) आठवण आलीच, तर गोल पाव आडवा कापून त्याच पॅनमध्ये लोण्यावर शेक, ऑम्लेट चौकोनी दुमडून आत घाल, वर जीरावन. अंडी-पाव शनिवारीच आणून ठेव. रविवारी तिथे बहुतेक दुकानं बंद असतात.